पुंगळ्या कचऱ्यात टाकू नका

नेमबाजी : वाचकांच्या शंका, जुन्या आर्मोररची (बंदुका दुरुस्त करणाऱ्याची) उत्तरं

प्रश्न : माझी मुलगी बावीस वर्षांची आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तिच्यासाठी परदेशी बनावटीची .२२ बोल्ट ॲक्शन रायफल घेतली. सोबत पाच राउंडची (काडतुसांची) दोन मॅगझीन मिळाली. पहिले दोन महिने काहीच तक्रार नव्हती. आता मधलाच एखादा राउंड चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) न जाता नाक खाली घालून अडकतो. कधी बोल्ट (राउंड आत ढकलणारा, हाताने मागेपुढे करायचा दांडा) मागे ओढला तरी पुंगळी (मारून झालेलं रिकामं काडतूस) आतच राहते. आयातदार म्हणतात, ॲम्युनिशन बदला. कंपनीला तीन ई-मेल केले. दोनदा नुसती पोच आली. तिसऱ्यांदा उत्तर आलं की विक्रेत्याशी बोला, नाहीतर बोल्ट आणि मॅगझीन आमच्याकडे पाठवा. कुरियरने पाठवू का? सव्वातीन लाख घालून बसलोय. – एक वडील, मुलुंड

उत्तर : आधी ते कुरियर थांबवा. बाकीचं नंतर बोलू.

आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे सुटे भागही येतात, आणि शस्त्र देशाबाहेर पाठवायला किंवा आत आणायला परवाना लागतो. परदेशातल्या ऑफिसात बसून ई-मेल लिहिणाऱ्या पोराला हे ठाऊक नसतं. त्याच्या गावात बोल्ट पोस्टाने जात असेल. आपल्याकडे कुरियरवाला विचारणार, "आत काय आहे?" तुम्ही म्हणणार, "मशीनचा पार्ट." मग ते पुडकं सहारच्या विमानतळ कार्गोत एक्स-रेखाली उघडं पडणार, आणि कंपनीऐवजी तुम्हाला पोलिसांना उत्तरं द्यावी लागतील. मुलीच्या लायसन्सवर डाग पडेल तो वेगळाच. परदेशी पाठवायची वेळ आलीच तर ते आयातदाराचं काम. परवाने त्याच्याकडे असतात.

आता रायफल. तुम्ही एक तक्रार लिहिली आहे, पण त्या दोन आहेत. राउंड आत न जाणं वेगळं आणि पुंगळी बाहेर न येणं वेगळं. दोन्ही एकदम सुरू झाल्यामुळे एकाच दुखण्यासारखं वाटतंय. असेलही एकच. पण ते तपासून ठरवायचं, अंदाजाने नाही.

फोर्टातल्या ज्या दुकानात मी एकतीस वर्षं काम केलं, तिथे उस्तादांच्या टेबलावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. गिऱ्हाईक आलं आणि "जाम होते" म्हणालं, की उस्ताद रायफलला हात लावायचे नाहीत. डबा पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "पहले खाली केस दिखाव." गिऱ्हाईक म्हणायचं, पुंगळ्या रेंजवरच झाडून टाकल्या. "तो फिर जाव, दस फायर करके आव." शेठ वैतागायचे, येत्या गिऱ्हाइकाला परत पाठवतो म्हणून. पण उस्तादांनी उगाच उघडलेली रायफल मी एकही पाहिली नाही.

तुम्हालाही तेच सांगतो. पुढच्या खेपेला रेंजवर एक प्लास्टिकचा डबा न्या. रेंज ऑफिसरला आधी कल्पना द्या. आणि यातलं काहीही घरी जिवंत राउंड घेऊन करू नका, एकही नाही.

पहिले दहा राउंड मॅगझीन न लावता, हाताने एकेक चेंबरमध्ये ठेवून मारा. सिंगल लोड अडॅप्टर (मॅगझीनच्या जागी बसणारा, एकेक राउंड ठेवायचा तुकडा) असेल तर उत्तम. या दहांत एकही पुंगळी अडकली नाही, तर चेंबर आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा बोल्टवरचा आकडा) जवळपास निर्दोष धरा आणि मॅगझीनकडे वळा. दहांत दोन-तीन अडकल्या, तर मॅगझीनचा त्यात संबंधच नाही.

मग मॅगझीन. मुलीच्या नेलपॉलिशने एकावर एक ठिपका द्या, दुसऱ्यावर दोन. पाच-पाच राउंड भरून आलटून पालटून मारा, आणि कितवा राउंड अडकला ते वहीत लिहा. अडचण नेहमी एकाच ठिपक्याच्या मॅगझीनमध्ये आली, तर त्याचे ओठ फाकलेत किंवा स्प्रिंग बसलीय. ओठ म्हणजे वरच्या कडेच्या त्या दोन वळलेल्या पट्ट्या, राउंडला धरून ठेवणाऱ्या. पाचवा, म्हणजे तळातला राउंडच नेमका नाक घालत असेल, तर स्प्रिंगवर संशय घ्या. शेवटच्या राउंडच्या वेळी ती सगळ्यात सैल असते. पक्कड घेऊन ओठ दाबायला बसू नका. केसभर जास्त दाबले गेले तर मॅगझीन कायमचं गेलं, शिवाय कंपनीला 'छेडछाड केली' म्हणायची सोय झाली.

भरण्याची पद्धतही पाहा. .२२च्या राउंडला मागे कडा असते, रिम. वरच्या राउंडची रिम खालच्या रिमच्या पुढे बसली पाहिजे. मागे बसली तर बोल्ट पुढे जाताना वरचा राउंड खालच्यात अडकतो आणि दोघं मिळून नाक घालतात. घाईत पाच राउंड कोंबले की हे हमखास होतं. आणि हो, मॅगझीन सॅकमध्ये सुटं टाकायचं नाही. माटुंग्याच्या एका पोराच्या मॅगझीनमध्ये फॉलोअरखाली (राउंड वर ढकलणाऱ्या पट्टीखाली) मला शेव सापडली होती. अख्खी, पिवळी. त्यानेही आधी कंपनीला ई-मेल केला होता.

अडकलेला राउंड बाहेर काढलात की त्याचं नाक पाहा. नेमबाजीसाठीच्या .२२ची गोळी बहुधा नुसत्या शिशाची असते, वर तांब्याचं कवच नसतं. त्यामुळे जिथे आपटली तिथला डाग तिच्यावर उमटतो. नाकावर खालच्या बाजूला चपटा ठोसा असेल, तर राउंड फार खालून येतोय. एका बाजूला खरवड असेल, तर तिरका येतोय. असा चेपलेला राउंड परत भरायचा नाही, रेंजच्या खराब राउंडच्या पेटीत टाकायचा.

आता आत राहणारी पुंगळी. तिची रिम भिंगाखाली धरा. रिमचा तुकडा निघालेला किंवा ती वाकलेली असेल, तर एक्स्ट्रॅक्टरने आपलं काम केलं, पुंगळीच चेंबरला घट्ट धरून बसली. रिम अगदी साबूत असेल, तर एक्स्ट्रॅक्टरचा आकडा घसरतोय. त्याच्याखाली मळ साचलाय, धार गेलीय किंवा स्प्रिंग ढिली आहे.

घट्ट बसण्याची कारणं मुख्यतः दोन. पहिलं मेण. .२२ लाँग रायफलच्या, म्हणजे तुमच्याच राउंडच्या, गोळीला वंगण बाहेरून लावलेलं असतं, मेणासारखं. ते आणि दारूची काजळी मिळून चेंबरच्या पुढच्या टोकाला कडक कडं तयार होतं. दोन महिने ठीक आणि मग त्रास, हे तुमचं वर्णन मला याच बाजूला नेतंय. बोल्ट काढा, मागच्या बाजूने, अखंड सळईवर ब्राँझचा ब्रश लावून चेंबर साफ करा, मग कोरडी चिंधी. जोडाजोडीची तीन तुकड्यांची सळई वापरू नका, जोडाच्या कडा बॅरलला ओरखडे काढतात. पुढून, मझलकडून, तर अजिबात नको.

दुसरं कारण जरा नाजूक आहे, म्हणून विचारतो. मुलगी घरी रिकाम्या रायफलीचा ट्रिगर ओढून सराव करते का? .२२मध्ये पेटणारा मसाला रिममध्ये असतो, म्हणून फायरिंग पिन मधोमध मारत नाही, कडेवर मारते. चेंबर रिकामं असेल तर काही रायफलींत ती थेट चेंबरच्या काठावर आपटते. हजार वेळा आपटली की तिथे खळगा पडून चेंबरच्या आत बारीक उंचवटा येतो, आणि राउंड जायलाही त्रास, यायलाही त्रास. तुमची दोन दुखणी एक असली तर ती इथे एक असतील. मॅन्युअलमध्ये ड्राय फायरबद्दल काय लिहिलंय ते आजच वाचा. उजेडात चेंबरच्या काठावर पिनच्या जागी खळगा दिसला, तर तो कानस लावून घासायचा नाही. शस्त्राची दुरुस्ती परवानाधारकानेच करायची असते. कुर्ल्याच्या लेथवाल्याचा हात कितीही साफ असला तरी हे काम त्याचं नव्हे.

एक तपासणी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती ऐकून लोकांना राग येतो. मुलगी मारत असताना रायफलच्या उजव्या बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढा. २००९ साली बदलापूरचा एक डावखुरा मुलगा आमच्याकडे आला होता. रायफल नवी, तक्रार तुमचीच. मी स्वतः रायफल तपासली, काही सापडलं नाही, तेव्हा कंपनीला फणकाऱ्याने पानभर लिहिलं. त्यांच्याकडून दोन ओळींचं उत्तर आलं : अडकणारा राउंड मॅगझीनमधला पहिला की शेवटचा, आणि नेमबाज बोल्ट पूर्ण मागे आपटेपर्यंत ओढतो का? मी रेंजवर जाऊन पाहिलं. पोरगा पालथा झोपून, डाव्या खांद्याला रायफल लावून, डावा हात वरून नेऊन बोल्ट ओढत होता आणि शेवटचा अर्धा इंच सोडत होता. बोल्ट राउंडच्या मागे गेलाच नाही तर तो राउंड उचलणार कसा? कंपनीची माफी मागणारं पत्रही मलाच लिहावं लागलं. त्या दोन ओळी लिहिणारा माणूस कोण होता कधी कळलं नाही, पण ग्राहक सेवा म्हणजे काय ते मला तिथे कळलं. चांगला माणूस उलट प्रश्न विचारतो. 'विक्रेत्याशी बोला' म्हणणाऱ्याने तुमचं पत्र वाचलेलंच नसतं.

म्हणून चौथा ई-मेल असा लिहा की पहिल्या टेबलावरचा माणूस त्याचं उत्तर देऊ शकणार नाही आणि त्याला तो कारखान्यातल्या माणसाकडे ढकलावाच लागेल. रागाचं एक वाक्य नको. इंग्रजीत लिहा, पण मजकूर साधारण असा :

"मॉडेल अमुक, सीरियल नंबर अमुक, खरेदीची तारीख अमुक, बिल जोडलं आहे. आतापर्यंत अंदाजे इतके राउंड मारले. शेवटची साफसफाई अमुक तारखेला. दोन प्रकारच्या ॲम्युनिशनने, अमुक आणि अमुक लॉट नंबर, प्रत्येकी ५० राउंड मारून पाहिले. मॅगझीन १मध्ये इतक्यांदा अडकलं, मॅगझीन २मध्ये इतक्यांदा. हाताने भरून मारलेल्या ५० पैकी इतक्या पुंगळ्या आत राहिल्या. पुंगळ्यांच्या रिमचे आणि चेपलेल्या गोळ्यांचे फोटो, ४० सेकंदांचा व्हिडिओ जोडला आहे. भारतीय कायद्यामुळे मी भाग परदेशी पाठवू शकत नाही. तुमच्या आयातदारामार्फत एक्स्ट्रॅक्टर आणि मॅगझीन बदलून मिळावं, ही विनंती."

लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातली कुठली खेप ते, ॲम्युनिशनच्या खोक्यावर असतो. खोकी फेकू नका. आणि आयातदार 'ॲम्युनिशन बदला' म्हणतात त्यात अगदीच तथ्य नाही असंही नाही. एका रायफलीला एखादा लॉट मानवत नाही. पण दोन वेगळ्या लॉटमध्ये तीच रड असेल, तर ते पालुपद तिथेच संपलं.

हाच ई-मेल त्याच दिवशी आयातदारालाही पाठवा. फोनवर बोलणं झालं तर लगेच 'आज दुपारी आपलं असं असं बोलणं झालं' म्हणून दोन ओळी लिहून टाका. माझा अनुभव सांगतो. एकदा परदेशी कंपनीने एका स्प्रिंगसाठी होकार देऊन टाकला होता, भाग रवानाही केला होता, आणि इथला विक्रेता चार महिने 'कंपनी उत्तरच देत नाही' सांगत राहिला. गिऱ्हाइकाने दोघांना एकाच ई-मेलमध्ये घेतलं, तेव्हा स्प्रिंग तिसऱ्या दिवशी मिळाली. रायफल दुरुस्तीला त्यांच्या हवाली करताना सीरियल नंबर, तारीख आणि तक्रार लिहिलेली पावती घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. लायसन्स तुमच्या मुलीचं आहे. शस्त्र कुठे आहे याचं उत्तर तिला कुठल्याही दिवशी देता आलं पाहिजे.

इतकं करून महिनाभरात हालचाल नसेल तर लेखी नोटीस, आणि मग ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आयातदाराचं ऑफिस दिल्लीत असलं तरी मुंबई उपनगर जिल्हा आयोग चालतो. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मुंबई ग्राहक पंचायतीचे लोक १९७५पासून हेच काम करताहेत, त्यांचा सल्ला घ्या. पण खरं सांगू? नीट लिहिलेला ई-मेल गेला की शंभरातली फार थोडी भांडणं आयोगापर्यंत जातात.

तोवर सराव बंद करू नका. चेंबर साफ करून पुंगळ्या सुरळीत निघू लागल्या तर मुलीला हाताने एकेक राउंड भरून मारू दे. ५० मीटरच्या ऑलिंपिक रायफलला तसंही मॅगझीन चालत नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ४५१.४ गुण करून कांस्य आणलं, ते प्रत्येक राउंड हाताने भरून.

प्रश्न : मी २५ मीटर .२२ स्पोर्ट्स पिस्तूल मारते. पाच शॉटच्या सीरिजमध्ये तिसऱ्या-चौथ्याला पुंगळी बाहेर पडता पडता स्लाइडमध्ये उभी अडकते. क्लबमधल्या मैत्रिणी म्हणतात स्प्रिंग बदल. – एक नेमबाज, पनवेल

उत्तर : स्प्रिंगला सगळ्यात शेवटी हात लावायचा. .२२च्या पिस्तुलात बोल्टला, म्हणजे तू स्लाइड म्हणतेस त्या सरकत्या भागाला, जखडून ठेवणारं कुलूप नसतं. पुंगळी मागे ढकलली जाते, ती बोल्टला ढकलते, बोल्टचं वजन आणि स्प्रिंग मिळून ते थोपवतात. ब्लोबॅक म्हणतात त्याला. म्हणजे सगळा कारभार त्या एका धक्क्यावर. धक्का कमी पडला किंवा वाटेत कुठे शोषला गेला, की बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी दारात उभी राहते. मळ, घट्ट झालेलं तेल, मऊ (कमी जोराचं) ॲम्युनिशन आणि ढिलं मनगट ही चार कारणं याच क्रमाने तपास. शेवटचं साफ केल्यापासून किती राउंड झाले हे तू लिहिलंच नाहीस, आणि मला फक्त तेवढंच हवं होतं. तिसऱ्या-चौथ्याला म्हणतेस, तर सीरिजमध्ये मनगट सुटतंय का तेही कोचला पाहू दे.

आता दोन गोष्टी नीट ऐक. स्पर्धेत अडकलं तर पिस्तूल टार्गेटकडेच रोखून ठेव, दुसरा हात वर कर आणि रेंज ऑफिसरची वाट पाहा. स्वतः स्लाइड ओढून मोकळं केलंस तर ते नियमात बसणारं मालफंक्शन (बिघाड) धरत नाहीत आणि सीरिज हातची जाते.

दुसरी याहून महत्त्वाची. एखादा राउंड 'ठॉक'ऐवजी 'फुस्स' वाजला, तर पुढचा शॉट मारायचा नाही, कुणी ओरडत असलं तरी. गोळी बॅरलमध्येच राहिलेली असू शकते, आणि तिच्या मागून दुसरी आली तर बॅरल फुगतं, कधी फाटतं. आणि ट्रिगर ओढून काहीच वाजलं नाही, तर तीस सेकंद तसंच टार्गेटकडे रोखून थांब. काही राउंड उशिरा पेटतात.

प्रश्न : वडिलांची जुनी .२२ रायफल आहे. ते तिला कायम खोबरेल लावत. डिसेंबरात दिल्लीला स्पर्धेला नेली तर दहातले चार राउंड पेटेनात. मुंबईला आणल्यावर सगळं ठीक! कंपनी तर केव्हाच बंद झाली, विचारू कोणाला? – अलिबाग

उत्तर : कंपनीला विचारायचं कामच नाही, स्वयंपाकघरात विचारा. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. मुंबईत बाटली बहुधा पातळ असते म्हणून आपल्या लक्षात येत नाही. दिल्लीच्या थंडीत बोल्टमध्ये, फायरिंग पिनभोवती, त्याचं तूप झालं, पिन रेंगाळली आणि रिमवर टोला हलका बसला. न पेटलेल्या राउंडवरचा पिनचा ठसा मुंबईतल्या पुंगळीशेजारी ठेवून पाहा, उथळ दिसेल. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून बोल्ट एकदा पूर्ण उघडून धुऊन घ्या. वर्षानुवर्षांचं खोबरेल आत डिंकासारखं झालेलं असेल. पुढे गन ऑइल, नाहीतर शिलाई मशीनचं पातळ तेल, तेही बोटाला लागेल न लागेल इतकंच. वडिलांना नावं ठेवू नका. अलिबागच्या खाऱ्या हवेत त्यांच्या खोबरेलानेच ती रायफल गंजापासून वाचवली. पावसाळ्यात मात्र फोमच्या बंद केसमध्ये ठेवू नका, फोम ओल धरतो. केस फक्त नेण्या-आणण्यासाठी.

प्रश्न : १० मीटर एअर रायफल सेकंडहँड घेतोय. सिलिंडरवर २०१३ कोरलंय. विकणारा म्हणतो प्रेशर छान धरतो, मग काय हरकत? – डोंबिवली

उत्तर : प्रेशर धरतो हीच भीती. आत २०० बारची हवा असते, गाडीच्या टायरच्या शंभरपट समजा. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला बहुतेक कारखाने दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत चालत नाही. जुने सिलिंडर फुटून माणसं जखमी झालेली आहेत. नव्या सिलिंडरची किंमत विचारा, ती सौद्यातून वजा करा, आणि जुना तुमच्या घरी आणू नका. हवा सोडून, विकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर निकामी करून घ्या, नाहीतर तो पुढच्या महिन्यात कल्याणला कुणाला तरी विकेल.